कारेलीबागेतलं एक स्वयंपाकघर: रेघेखाली कडिया, रेघेवर सुतार

पाणी ओसरल्यावर आतोबांनी पहिलं काम केलं ते भिंतीवर पेन्सिलीनं रेघ मारण्याचं. गाळाचा डाग जिथं संपत होता तिथं पट्टी धरली, रेघ ओढली, खाली लिहिलं: २८-८-२४, २ फूट ७ इंच. त्याच भिंतीवर बरीच खाली, नऊ इंचांवर, २०१९ च्या पुराची रेघ होती. ती त्यांनीच मारलेली.

बडोद्याच्या बाहेर राहणाऱ्यांसाठी थोडं सांगायला हवं. विश्वामित्री ही शहराच्या मधोमध वळणं घेत जाणारी छोटीशी नदी. एरवी ती आठवते ती मगरींमुळे. तिची धोक्याची पातळी पंचवीस-सव्वीस फुटांची. ऑगस्ट २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात ती पस्तीस फुटांच्या वर गेली. समा, कारेलीबाग, अकोटा, मुजमहुडा, अशा कितीतरी भागांत तळमजले दोन-दोन दिवस पाण्यात होते. आत्याचं घर कारेलीबागेत, १९८० च्या दशकातलं टेनामेंट. टेनामेंट म्हणजे इथल्या भाषेत भिंतीला भिंत लागून असलेलं, खाली-वर दोन मजल्यांचं स्वतंत्र घर. स्वयंपाकघर अर्थातच खाली, मागच्या चौकाला लागून, आठ बाय अकरा फूट.

मी नोकरीची तीस वर्षं बांधकामाची अंदाजपत्रकं करण्यात घालवली. त्यामुळे नात्यात कुणाच्या घरी वीट हलली तरी मला फोन येतो. हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे, कारण त्यात आम्ही काही गोष्टी बरोबर केल्या, एक ढोबळ चूक माझ्या हातून झाली, आणि 'काम कुणाला द्यायचं' हा प्रश्न आम्ही सुरुवातीला साफ उलटा विचारत होतो.

काय काय गेलं होतं

२०१६ मध्ये आतेभावानं पुण्याहून पैसे पाठवून आत्याला तयार ट्रॉल्यांचं स्वयंपाकघर करून दिलं होतं. वर चकचकीत सनमायका, आत पार्टिकल बोर्ड. २०१९ च्या नऊ इंच पाण्यात त्याचे पाय फुगले, तेव्हा खालच्या पट्ट्या बदलून भागवलं. या वेळी मात्र खालची सगळी कपाटं भिजलेल्या खाऱ्या बिस्किटासारखी झाली होती. हात लावला की पापुद्रा सुटायचा. ग्रॅनाइटचा ओटा मात्र शाबूत होता, कारण तो ३४ इंचांवर, रेघेच्या तीन इंच वर. वरची कपाटं, चिमणी, भिंतीवरचा गिझर, सगळं ठीक. गेलं ते फक्त रेघेखालचं. हे वाक्य त्या दिवशी मी सहज बोलून गेले. पुढं सगळा निर्णय त्याच्याभोवतीच फिरणार आहे हे तेव्हा कळलं नव्हतं.

आत्यानं आणखी एक गोष्ट सांगितली, ती कुणीच लक्षात घेतली नव्हती. "दारातून पाणी मागाहून आलं गं. आधी सिंकखालच्या जाळीतून बुडबुडे आले." म्हणजे बाहेरची गटारं भरून उलटं पाणी घरात शिरलं होतं. नवं स्वयंपाकघर कितीही देखणं केलं, तरी ती जाळी तशीच राहिली तर पुढच्या वेळी पाणी पुन्हा तिथूनच येणार. दुरुस्तीच्या यादीतली पहिली ओळ अशी आत्यानं लिहवली.

सात सप्टेंबरला गणपती. आत्यानं वरच्या गच्चीच्या खोलीत इंडक्शन मांडून एकवीस मोदक केले आणि जाहीर केलं की पाडव्याचं श्रीखंड-पुरी मात्र खालीच होणार. मुदत ठरली ती अशी.

घाई कुणाला होती

आतेभावाला. पूर ओसरून आठवडा झाला नाही तोच त्यानं एका शोरूमचं त्रिमितीय चित्र व्हॉट्सॲपवर पाठवलं. करड्या रंगाची कपाटं, मधोमध लटकणारा दिवा, ओट्यावर तुळशीऐवजी कसलंसं विलायती रोप. किंमत २ लाख १५ हजार, 'पंचेचाळीस दिवसांत तयार, दहा वर्षांची वॉरंटी'. त्याचं म्हणणं साधं होतं: आई-बाबांच्या डोक्याला ताप नको, एकाच माणसाला पैसे द्यावे आणि मोकळं व्हावं.

आतोबांचं म्हणणं त्याहून साधं. घर बांधलं तेव्हा ज्या मिस्त्रीनं दारं-खिडक्या केल्या त्याचा मुलगा आता काम करतो, मूळचे राजस्थानचे सुतार, त्यालाच बोलवायचं. "दरवाजे चाळीस वर्षं बसले आहेत, अजून कुरकुरत नाहीत." कोटेशन वगैरे त्यांच्या गावी नव्हतं. रोजावर काम, लागेल ते सामान आणून द्यायचं, संध्याकाळी चहा.

तिसरा एक इंटिरिअर कॉन्ट्रॅक्टर वहिनीच्या ओळखीतून आला. 'सगळं माझ्यावर सोडा' हे वाक्य तो दर पाच मिनिटांनी म्हणायचा. त्याचा आकडा जीएसटी सोडून २ लाख ८४ हजार.

तिघांची तुलना करायला म्हणून मला बसवलं. मी कागद पाहिले आणि लक्षात आलं की तुलना होणारच नाही. शोरूमच्या आकड्यात फक्त कपाटं होती. जुनं तोडणं, ओटा, टाइल, नळ, वायरिंग यांतलं काही नाही. कॉन्ट्रॅक्टरच्या कागदावर 'किचन कम्प्लीट' अशी एक ओळ. मिस्त्रीकडे कागदच नाही. तीन माणसांनी तीन वेगळ्या कामांचे भाव सांगितले होते, आणि घरात आठवडाभर वाद चालला होता तो स्वस्त कोण यावर.

शिवाय घाई करण्यात आणखी एक गोम होती. भिंती ओल्या होत्या. विटांची भिंत दोन दिवस पाण्यात उभी राहिली की ती वाळायला महिने घेते, आणि प्लास्टर व टाइल वर असतील तर आणखी वेळ. ओल्या भिंतीला पाठ लावून नवं लाकूड उभं केलं तर पुराशिवायच ते सडेल. आम्ही चार फुटांपर्यंतचं प्लास्टर सप्टेंबरातच खरवडून काढलं आणि विटा उघड्या ठेवल्या. आत्याला ते दृश्य फार खटकायचं. ऑक्टोबरात दोन फुटांचा प्लास्टिकचा चौकोन भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीनं लावून रात्रभर ठेवला. सकाळी आतून थेंब होते. डिसेंबरच्या शेवटी तसाच लावला, कोरडा निघाला. मग कमूर्ता चालू होत्या, संक्रांतीपर्यंत शुभकार्य नाही, आणि उत्तरायणाच्या दोन दिवसांत गुजरातेत कुणी खिळाही ठोकत नाही, सगळे गच्चीवर पतंग घेऊन. तेव्हा काम सुरू होणार जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात हे आपोआप ठरलं. आतेभाऊ चिडला. त्याला मी एवढंच सांगितलं की शोरूमचे पंचेचाळीस दिवस ओली भिंत मोजत नाहीत.

यादी

या चार महिन्यांत मी एक काम केलं: कामाची यादी. एका कागदाच्या दोन्ही बाजू, एकतीस ओळी. प्रत्येक ओळीत काय करायचं, किती, कशाचं, आणि सामान कोण आणणार. तोडफोड आणि मलबा उचलणं ही एक ओळ. 'सिंकखालचा पाइप' ही वेगळी ओळ. हे लिहिताना आत्याबरोबर तिच्या उजाड स्वयंपाकघरात स्टुलावर बसून जे बोलणं झालं, ते मला सगळ्या प्रकरणातलं सर्वांत मोलाचं वाटतं. तोपर्यंत तिला कुणी काही विचारलंच नव्हतं.

आत्याची उंची चार फूट दहा इंच. ३४ इंचांच्या ओट्यावर, त्यावर शेगडीची आणखी चार-पाच इंच उंची, तिला कढईच्या आत दिसायचं नाही. आठ वर्षं ती पाटावर उभी राहून फोडण्या करत होती आणि कुणाला बोलली नव्हती. ओट्याची उंची ठरवण्याचा सोपा मार्ग असा: सरळ उभं राहून कोपर वाकवायचं, जमिनीपासून कोपरापर्यंत मोजायचं, त्यातून चार ते सहा इंच वजा करायचे. तिचं कोपर साडेछत्तीस इंचांवर. म्हणजे ओटा साडेएकतीस. खात्री करायला जेवणाच्या टेबलावर जुने दिवाळी अंक रचले आणि साडेएकतीसवर पोळपाट ठेवून तिला पोळी लाटायला लावली. दोन पोळ्या झाल्यावर म्हणाली, "खांदा दुखत नाहीये गं."

आता पंचाईत पाहा. पुराची रेघ ३१ इंचांवर. ओटा साडेएकतीस म्हणजे पाणी जवळपास ओट्याला टेकणार. आतेभाऊ फोनवर म्हणाला, ओटा उलट ३६ करा, सुरक्षित राहील. शिवाय वहिनी पाच फूट सहा इंच. आत्या शांतपणे म्हणाली, "पूर पाच वर्षांनी येतो. पोळ्या मी रोज लाटते." विषय तिथं संपला. मी नोकरीत असताना असं स्पष्ट बोलणारं कुणी बैठकीला असतं तर कितीतरी फायली लवकर निघाल्या असत्या.

मग खालच्या भागात काय वापरायचं यावर आलो. प्लायवूडवाले सगळे 'वॉटरप्रूफ' म्हणतात, म्हणून थोडं खोलात जाते. आयएस ७१० हा मरीन प्लायचा मानक. त्याचा तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासतात. पण ती परीक्षा मुख्यतः थर जोडणाऱ्या डिंकाची आहे. तो सुटला नाही तरी कापलेल्या कडेतून लाकूड पाणी पितंच, आणि गटाराचा गाळ आत शिरला की तो धुऊन काढता येत नाही. रोजच्या वाफेला, सांडलेल्या पाण्याला ७१० उत्तम. दोन दिवस बुडवून ठेवायला नाही. पीव्हीसीचा फोम बोर्ड फुगत नाही, पण त्यात स्क्रू तितका घट्ट धरत नाही. आत्याच्या भरलेल्या पितळी डब्यांच्या ट्रॉल्या त्यावर टांगायला मला धीर झाला नाही. पूर्ण ॲल्युमिनियमचं स्वयंपाकघरही पाहून आलो. चांगलं होतं. पण डबा ठेवताना होणारा आवाज ऐकून आत्या तिथूनच परत फिरली.

उरला दगड. आपल्या आज्यांच्या स्वयंपाकघरात होता तोच: कडप्प्याच्या उभ्या फळ्या, खाली कोट्याची लादी, वर ग्रॅनाइट. पाणी आलं, गेलं, पाइप धरून धुऊन काढलं, झालं. झुरळं होऊ नयेत म्हणून पुढं दारं हवीत, पण ती ॲल्युमिनियमच्या चौकटीची आणि क्लिपच्या बिजागऱ्यांवरची. मागची खिट्टी दाबली की दार बिजागरीतून सुटून हातात येतं. ट्रॉल्या स्टीलच्या, उचलून काढता येतील अशा. थोडक्यात, नदीची पातळी वाढतेय अशी बातमी आली की खालचं स्वयंपाकघर उचलून जिन्यावर न्यायचं आणि दगड तेवढा मागं ठेवायचा.

एवढं ठरल्यावर 'काम कुणाला' हा प्रश्न जवळपास सुटलाच. रेघेखालचं काम सुताराचं नव्हतंच, ते कडियाचं होतं. कडिया म्हणजे आपला गवंडी. बडोद्यातली मराठी माणसं सर्रास कडियाच म्हणतात. रेघेवरचं, म्हणजे वरची कपाटं, सुताराचं. शोरूम आणि कॉन्ट्रॅक्टर दोघंही मुळात कपाटांचे व्यापारी. दगडाच्या कामात त्यांना रस नव्हता आणि तो त्यांच्या भावातही दिसला.

तरी यादी तिघांनाही दिली, न्याय म्हणून. शोरूमचा आकडा २ लाख १५ हजारांवरून ३ लाख ६२ हजारांवर गेला. वॉरंटीचा कागद मागून घेतला. त्यात 'पाण्यानं झालेलं नुकसान वगळून' अशी ओळ बारीक अक्षरात होती. कॉन्ट्रॅक्टर मूळ आकड्यावर ठाम राहिला, पण १८ टक्के जीएसटी धरून ते ३ लाख ३५ हजार १२० होतं, आणि कारागीर कोण येणार हे तो सांगायला तयार नव्हता. 'माझी टीम आहे.' टीमनं दोन वर्षांपूर्वी केलेलं एक स्वयंपाकघर दाखवा म्हटल्यावर त्यानं इन्स्टाग्राम दाखवलं.

मिस्त्रीच्या कामाची तपासणी आम्ही घरी जाऊन केली. आतोबांच्या भरवशावर मी चालणार नव्हते. त्यानं तीन वर्षांपूर्वी केलेलं एक स्वयंपाकघर वाघोडिया रोडला आहे, तिथल्या बाईंना फोन करून गेलो. अशा वेळी लोक सनमायका बघतात. मी सिंकखाली डोकं घातलं. तिथली प्लायची कड पाइपाच्या भोकाशी उघडी आहे का बंद केली आहे यावर सुताराची जात कळते, बंद होती. भरलेला ड्रॉवर पूर्ण बाहेर ओढून पाहिला, तोंड खाली झुकलं नाही. मग त्या बाईंना एकच विचारलं, काम झाल्यावर बोलावलं तर येतो का? "येतो, पण आठवड्यानं." हे उत्तर मला खरं वाटलं, म्हणून आवडलं.

मिस्त्रीला यादी दिली तेव्हा तो दुखावला. "साहेब, लिहून घेता म्हणजे भरवसा गेला का?" असं काहीसं गुजरातीत आतोबांना म्हणाला. आतोबाही माझ्याकडे रागानं बघू लागले. मग दोघं ओट्यापाशी बसून ओळ न् ओळ मोठ्यानं वाचत गेले आणि बाराव्या ओळीला मिस्त्रीचा चेहरा खुलला. यादीत नसलेलं काम सांगितलं तर वेगळे पैसे, असं खाली लिहिलं होतं. 'आता एवढी फळी मारूनच दे रे' हे आतोबांचं आवडतं वाक्य. त्याच्या वडिलांनी चाळीस वर्षं ते फुकटात ऐकलं होतं.

काम

कडिया दाहोदकडचा, बायको आणि भाचा बरोबर. पैसे टप्प्यांनी: दहा टक्के आगाऊ, तोडफोड झाल्यावर, दगड बसल्यावर, टाइल झाल्यावर, आणि शेवटचे दहा टक्के महिनाभर स्वयंपाक करून पाहिल्यावर. सामान आम्ही आणायचं, त्यांनी लावायचं. ७१० च्या प्रत्येक शीटवर आयएसआय खूण आणि लायसन क्रमांक छापलेला असतो. तो 'बीआयएस केअर' ॲपमध्ये घालून बघता येतो. आतोबांना हा नाद इतका लागला की दुकानदारानं दुसऱ्या दिवशी त्यांना स्वतःची खुर्ची दिली. स्टीलच्या बाबतीत मात्र लोहचुंबकावर विसंबू नका. २०२ (स्वस्तातलं, लवकर गंजणारं) आणि ३०४ (चांगलं) या स्टीलच्या दोन प्रतींपैकी दोन्हीला चुंबक साधारण चिकटतच नाही, त्यामुळे 'बघा, चिकटत नाही' हे दुकानदारानं दाखवलं तरी त्यातून काही सिद्ध होत नाही. बॅटरीवर चालणारं थेंबाचं औषध मिळतं, रंग बदलतो की नाही त्यावरून दोन्हींतला फरक कळतो. आमच्या चार ट्रॉल्यांतली एक २०२ निघाली, ती बदलून घेतली.

सांडपाण्याच्या पाइपावर बाहेरच्या चेंबरमध्ये उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह बसवला. प्लंबर तो आतच, सिंकखाली बसवायला निघाला होता. स्वयंपाकघराच्या पाण्यात तेल-तूप असतं, झडप चिकटते. बाहेर झाकण उघडून पावसाळ्याआधी साफ करता आली पाहिजे. आणि झडप मिटलेली असताना आपलंही पाणी बाहेर जात नाही, म्हणून पुराच्या दिवशी सिंक वापरायचं नाही, हे आत्याला दोनदा सांगितलं. विजेचे सगळे पॉइंट साडेचार फुटांवर नेले, स्वयंपाकघराला वेगळा तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की प्रवाह आपोआप तोडणारा स्विच.

गॅसचा नळ सव्वा फूट सरकवायचा होता. बडोद्यात नळाचा गॅस १९७० च्या दशकापासून आहे, त्यामुळे प्रत्येक प्लंबरला वाटतं की हे आपल्याला येतं. आमचाही म्हणाला, अर्ध्या तासाचं काम. ते काम फक्त गॅस कंपनीच्या माणसानंच करायचं असतं. अर्ज करून अकरा दिवस थांबलो. टाइलचं काम अडलं, कडिया वैतागला, रोज बुडाला त्याचे दोन दिवसांचे पैसे आम्ही दिले. तरीही तिथं तडजोड केली नसती.

आता माझी चूक. नकाशात कडप्प्याच्या उभ्या फळ्यांमधलं अंतर मी '१८ इंच' लिहिलं. ट्रॉली १७ इंची, ती ज्यांवर सरकते त्या चॅनेलला दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा इंच, बेरीज बरोबर. पण कडियानं १८ इंच फळीच्या मध्यापासून मध्यापर्यंत धरले, आणि आतून चिकटवलेल्या टाइलची जाडी कुणीच धरली नव्हती. हाती आलं सव्वासोळा. मिस्त्री ट्रॉली घेऊन आला, घालून पाहिली, बाजूला ठेवली आणि माझ्याकडे बघून काही बोलला नाही. कडिया म्हणे, मी कागदाप्रमाणे केलं. खरं होतं. 'टाइल लावल्यानंतरचं मोकळं माप' एवढे शब्द लिहायला हवे होते. सगळं एका कॉन्ट्रॅक्टरकडे असतं तर चूक त्याची, भुर्दंड त्याचा. कामं वाटून दिली की दोन कारागिरांच्या मधली सांध ही मालकाची असते, आणि त्या सांधेवर मी उभी होते.

दोन खण फोडून पुन्हा लावले, त्याचे नऊ हजार लागले. ते राखीव रकमेतून गेले. तिसरा खण आत्यानं तसाच ठेवायला लावला. तिथं आता पिठाचा डबा सरकवून ठेवते. ट्रॉलीपेक्षा बरं, म्हणते.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात होळी. कडिया कुटुंबासकट दाहोदला गेला. पंचमहाल-दाहोदकडची माणसं होळीला घरी जातातच, त्यांना थांबवायचा विचारही कुणी करू नये. हे मी वेळापत्रकात आधीच धरलं होतं. मिस्त्रीच्या मेव्हण्याचं लग्न मात्र धरलं नव्हतं, त्यात आठ दिवस गेले.

हिशेब असा झाला. तोडफोड आणि मलबा १४ हजार. दगड, ग्रॅनाइट, मोरबीच्या टाइल आणि कडियाची मजुरी, फोडून लावलेल्या खणांसकट, ९२ हजार. प्लंबिंग व्हॉल्व्हसह साडेएकवीस, वीज साडेअठरा. वरची कपाटं प्लाय आणि सुतारीसह ७१ हजार, खालची ॲल्युमिनियमची दारं २४, ट्रॉल्या-चॅनेल-बिजागऱ्या ३१. सिंक-नळ साडेनऊ, रंग ८, गॅसचा नळ अडीच. एकूण २ लाख ९२ हजार. अंदाज २ लाख ७० हजारांचा, अधिक दहा टक्के राखीव. पाच हजार उरले. चिमणी जुनीच.

आतेभावाच्या बाजूनं एक सांगायला हवं. हेच घर चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट असता, म्हातारं जोडपं एकटं असतं आणि जवळ रोज चक्कर मारणारं कुणी नसतं, तर मी स्वतःच शोरूम घ्या म्हटलं असतं. या कामात मी बावन्न वेळा कारेलीबागेत गेले, आतोबांनी मोजलं आहे. त्याची किंमत हिशेबात नाही.

३० मार्च २०२५ ला पाडवा. गुढी दारात उभी राहिली तेव्हा वरच्या एका कपाटाला अजून दार नव्हतं. आत्यानं त्यावर जुनं ओढणीचं कापड टांगलं आणि पुऱ्या तळल्या. साडेएकतीस इंचांवर, पाटाशिवाय.

जूनमध्ये आम्ही एक रंगीत तालीम घेतली. आतेभाऊ आणि वहिनी सुट्टीला आले होते. आतोबांनी घड्याळ लावलं. सहा दारं, तीन ट्रॉल्या, पिठाचा डबा, सिलिंडरएवढा जड तो पितळी पिंप, सगळं जिन्याच्या वळणावर न्यायला सतरा मिनिटं लागली. एक दार सुटेना. मिस्त्रीनं त्याला साधीच बिजागरी लावली होती, क्लिपची संपली म्हणून. शेवटचे दहा टक्के अजून आमच्याकडेच होते. तो आठवड्यानं आला, बदलून गेला.

आतोबांना नव्या टाइलवर जुन्या दोन्ही रेघा परत मारायच्या होत्या. आत्यानं साफ नकार दिला, नव्या भिंतीवर पुराचे आकडे नकोत. मग एका दुपारी ती झोपलेली असताना त्यांनी सिंकखालचं दार काढलं आणि आतल्या कडप्प्यावर पांढऱ्या ऑइलपेंटनं दोन्ही रेघा तारखांसकट रंगवल्या. दार लावलं की दिसत नाहीत.